मेजरचं रेशन

“झाडलं न्हाई. उद्या बघू.”

एवढं बोलून मेजर तांब्यातलं उरलेलं पाणी तुळशीला घालायचे, सुरी परत फडक्यात गुंडाळायचे आणि आत निघून जायचे. रोज सकाळी सव्वासहाला. त्याच वेळी मी माझ्या लॅबचं शटर वर करत असायची, आणि आमच्या दोन घरांच्या मधे कंबरेएवढीच भिंत असल्यामुळे हा सगळा सोहळा मला रोज बघायला मिळायचा. एका बाजूला जाड मिशीचा, पट्टा आवळलेला माणूस. दुसऱ्या बाजूला आठ किलोचा काळाकुट्ट टर्की पक्षी. मेजर तांब्यात पाचही बोटं बुडवून त्याच्या अंगावर शिंतोडे उडवायचे आणि मनगटावरच्या घड्याळात पूर्ण दोन मिनिटं मोजायचे. पक्षी फुलायचा. त्याचं तोंड लाल व्हायचं, मग निळं व्हायचं. एकदा ‘गुळुगुळुगुळु’ असं ओरडून तो सगळी गल्ली उठवायचा. पण अंग काही झाडायचा नाही.

तुम्ही म्हणाल, कोरेगावात टर्की आला कुठून? आणि आला तर आला, त्याच्यावर पाणी कशाला मारायचं? सांगते. फक्त घाई करू नका. माझं काम लोकांचं रक्त काढायचं आहे, आणि घाई करणाऱ्याची शीर मला कधी सापडत नाही.

आमच्याकडं पलटणीतून घरी आलेला कुठलाही माणूस मेजरच असतो. हे मेजर खरं तर हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आणि सगळी नोकरी त्यांनी लंगरात, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात काढलेली. पण चालायचे असे छाती काढून, की सगळी सरहद्द यांनी एकट्यानं झाऱ्याच्या जोरावर राखली असावी.

माणूस सरळ होता. इतका सरळ, की कधी कधी माझं डोकं फिरायचं. कागदावर छापून आलेली कुठलीही गोष्ट त्यांच्या लेखी हुकूम होती. एका पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं म्हणून गावात नोटीस लागली, पाणी उकळून वापरा. आम्ही आठ दिवस उकळलं आणि विसरलो. मेजर तीन वर्षं उकळत होते. प्यायचं, अंघोळीचं, भांड्यांचं, सगळं. अंगणात चूल, चुलीवर हंडा. मी एकदा भिंतीवरून ओरडले, “मेजर, आता पाणी स्वच्छ येतंय की!”

“नोटीस मागं घेतलीया का?” त्यांनी विचारलं.

नोटीस कोण मागं घेणार? ती लावणारा माणूसच बदलून गेला होता. “मग झालं तर,” म्हणाले, आणि चुलीत लाकूड सारलं. असल्या माणसाच्या हातात कागद देताना दहादा विचार करायला हवा होता. मी एकदाही केला नाही, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

त्यांच्या बायकोला मी काकी म्हणते. काकींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. साताऱ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऑपरेशन साधं आहे, पण उपाशीपोटीची साखर दोनशेच्या खाली आल्याशिवाय हात लावणार नाही. काकींची साखर दोनशे साठच्या खाली यायचं नाव घेत नव्हती. दर पंधरा दिवसांनी मी सुई घेऊन जायची, काकी हात पुढं करायच्या, मेजर दारात सावधान उभे राहून विचारायचे, “रिपोर्ट?” मी आकडा सांगायची आणि त्यांची मिशी खाली यायची.

काकींना तोवर माणसं नुसती आकारानं कळत होती. मीटर बघायला आलेल्या माणसाला त्यांनी एकदा चहा, पोहे आणि वर चार शिव्या दिल्या, कारण त्यांना वाटलं मेजरच आलेत. मी हसले, तर त्या पण हसल्या. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “हे नोकरीत हुते तवा वर्साचं दोन म्हैनं दिसायचे. बाकी दहा म्हैनं फोटूच बघायचा. आता कायमचे घरी आले, तर माझंच डोळं गेलं. नुसती मिशी दिसती गं. खालचं-वरचं सगळं धुकं.”

मी कापसाचा बोळा दाबून धरला. मेजर दारातच उभे होते, त्यांनी ऐकलं होतं. त्या दिवशी ते रिपोर्ट मागायला विसरले.

मग मी तो उद्योग केला. साखरेच्या पेशंटना काहीतरी हातात द्यावं म्हणून इंटरनेटवरून आठवड्याचा आहारतक्ता उतरवून, यंत्राकडून मराठीत करून, त्याच्या शंभर प्रती काढल्या होत्या. स्वतः वाचला नव्हता, खोटं कशाला बोलू. पहिल्या दोन ओळी वाचल्या, ‘सकाळी लवकर उठावे, भरपूर पाणी प्यावे’, आणि म्हटलं चांगलं आहे. तो कागद घेऊन नव्व्याण्णव लोकांनी त्यात चटणी बांधली. शंभरावा कागद मेजरांच्या हातात गेला.

दुसऱ्या दिवशी ते लॅबमध्ये हजर. तक्त्याला प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं. बुधवारवर बोट.

“मॅडम, ह्यो टर्की कुठं मिळंल?”

मी वाचलं. ‘बुधवार, जेवण: घरी केलेले चविष्ट टर्की बर्गर, बनशिवाय.’ मी तीनदा वाचलं.

“आवं मेजर, ते आपलं… परदेशातलं असतंय. तुम्ही चिकन करा.”

“चिकन लिवलंय का?”

“नाही, पण…”

“मग टर्कीच. आणि बन न्हाई म्हंजे न्हाई.” त्यांनी शेवटचं वाक्य जरा मोठ्यानं आणि आपल्या घराच्या दिशेनं म्हटलं. कारण काकींचा जीव बनपावात अडकलेला होता. गोड चहात बुडवलेला बनपाव हे त्यांचं एकमेव व्यसन, आणि ते घरात कुठल्या कुठल्या डब्यात दडलेलं असायचं हे फक्त त्यांनाच माहीत.

मेजरांचा पलटणीतला एक दोस्त जतकडचा. घरची मेंढरं, आणि निवृत्तीनंतर त्यानं हौस म्हणून मेंढरांच्या वाड्यात टर्की पाळलेले. मेजर एसटीनं जतला गेले आणि एसटीनंच परत आले. येताना मांडीवर पोतं आणि पोत्याच्या तोंडातून बाहेर काढलेलं एक सुरकुतलेलं लाल डोकं. कंडक्टरनं विचारलं, “हे काय?”

“रेशन,” मेजर म्हणाले.

“जित्तं हाय की!”

“ताजं हाय.”

जतपासून त्या डोक्यानं प्रत्येक हॉर्नला उत्तर दिलं म्हणे. ड्रायव्हरला आधी राग आला, नंतर मजा वाटायला लागली, आणि कराडनंतर तो रस्ता मोकळा असतानाही हॉर्न मारत होता. हे सगळं मला मेजरांनीच गंभीर चेहऱ्यानं सांगितलं. त्यांचा विनोद कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

“नाव काय ठेवलं?” मी विचारलं.

“खायच्या जिनसेला नाव ठेवायचं न्हाई. नाव ठिवलं की हात थरथरतो. रेशनच म्हणायचं.” आणि वळून हाक मारली, “ए रेशन! हिकडं ये.” तो आला. झालं, ठेवलंच की नाव.

आता पाण्याचं सांगते. आमच्या भागात देवाला बकरं सोडलं की कापायच्या आधी त्याच्या अंगावर पाणी शिंपडतात. बकऱ्यानं अंग झाडलं, तर देवानं मान्य केलं. नाही झाडलं, तर थांबायचं. कोंबड्याला कोणी विचारत नाही. मेजरांपुढं प्रश्न असा पडला, की टर्कीला कोंबड्यात धरायचं की बकऱ्यात? बुधवारी पहाटे उठून त्यांनी त्याला वजनकाट्याला टांगलं, तो आठ किलो भरला, आणि निकाल दिला: “एवढ्या वजनाचा जीव न विचारता कापायचा न्हाई.”

त्यातून त्यांच्या घराण्यात आणखी एक मेख होती. अंग झाडलेलं घरच्या बाईनं डोळ्यांनी बघायला हवं. ती ‘झाडलं’ म्हणेल, तेव्हाच सुरी. ही त्यांच्या आईनं घालून दिलेली रीत. कारण पुरुष माणसं मटणाच्या घाईपायी वारा आला तरी ‘झाडलं, झाडलं’ म्हणून ओरडतात, असं तिचं म्हणणं. मला ती बाई भेटायला हवी होती.

पहिल्या बुधवारी रेशन नुसता फुलला. दुसऱ्या दिवशी पण फुलला. मेजरांनी मग चौकातल्या चहाच्या टपरीवर सगळ्या पेन्शनर फौजींची बैठक बसवली. विषय एकच, फुलणं म्हणजे झाडणं धरायचं का? दोन तास चर्चा झाली. एक जण म्हणाला, फुलला म्हणजे राजी झाला. दुसरा म्हणाला, आवं, फुलला म्हणजे रागावला. शेवटी सर्वांत म्हातारे होते ते म्हणाले, “फुलनं येगळं, झाडनं येगळं. सलामी येगळी आन् फायर येगळा.” मेजरांनी हा निकाल डायरीत लिहून घेतला.

नवव्या का दहाव्या दिवशी मात्र मी शटर वर करता करता माझ्या डोळ्यांनी बघितलं. रेशननं मानेपासून शेपटापर्यंत अंग झाडलं, अगदी पाणी उडवत. मी भिंतीवर वाकून ओरडले, “झाडलं! मेजर, झाडलं!”

मेजर शांतपणे वळले. “तुमी बघितलं. हिनं बघितलं का?”

काकी पायरीवर बसल्या होत्या. डोळे बारीक करून त्यांनी समोर बघितलं. “मला काय दिसत न्हाई बाई. मला आपलं काळं ढेकूळ दिसतंय. ते हाललं का माझा डोळा हालला, कसं सांगू?”

“झाडलं न्हाई,” मेजर म्हणाले. “उद्या बघू.”

मी लॅबच्या पायरीवर धप्पकन बसले. बघा, काय झालंय ते लक्षात घ्या. काकींना दिसायचं तर ऑपरेशन हवं. ऑपरेशनला साखर खाली हवी. साखर खाली यायला, मेजरांच्या हिशेबानं, टर्कीचा बर्गर हवा. बर्गरला टर्की कापायला हवा. आणि टर्की कापायला काकींना दिसायला हवं. मी हे सगळं मेजरांना बोटांवर मोजून दाखवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “व्हय. अडचन हाय.”

“मग?”

“मग काय, तवर रिहर्सल.”

फौजेत परेडच्या आधी महिनाभर रिहर्सल असते, तशी त्यांनी सुरू केली. खऱ्या मालाची परवानगी येईपर्यंत कोंबडीवर सराव. रोज नाही, पण आठवड्यातून चारदा. आणि इथं मला त्यांचा हात दिसला. तोवर मला वाटायचं, लंगरातला माणूस म्हणजे चारशे जणांची डाळ ढवळणारा. पण हे कोंबडीच्या छातीचं मांस लाकडी ठोकळ्यावर दोन सुऱ्यांनी कुटायचे, यंत्राला हात लावायचे नाहीत. “यंत्रानं खिम्याचा चिखल हुतो. चिखलाला चव नसती.” बिनचरबीचं मांस तव्यावर कोरडं ठाक होतं, म्हणून त्यात दुधी किसून घालायचे. बर्गर सुटू नये म्हणून लोक पावाचा चुरा घालतात. मेजर त्याऐवजी कोरेगावचा घेवडा, म्हणजे राजम्यासारखा दाणा, शिजवून, घोटून घालायचे. कांदा चिरून घट्ट पिळलेला, आलं, लसूण, हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर, चमचाभर कांदा-लसूण मसाला. मीठ सगळ्यात शेवटी, कारण आधी घातलं की पाणी सुटतं. मग तळहाताएवढी जाड चकती थापायची आणि मधोमध अंगठ्यानं खळगा करायचा. “खळगा नसंल तर मधे फुगतंय. आपल्या रेशनगत.”

लोखंडी तव्याला शेंगतेलाचं नुसतं बोट लावायचं. एकदा टाकलं की दाबायचं नाही, हलवायचं नाही, कडेनं रंग बदलेपर्यंत हात मागं बांधून उभं राहायचं. खाली पाव नाही, वर पाव नाही. गरम पाण्यातून काढलेलं कोबीचं पान, त्यात ती चकती, वर काकडीचे काप आणि लिंबू. पानाची घडी अशी घट्ट घालायचे, की बिस्तरा बांधलाय असं वाटावं.

पहिला नमुना त्यांनी भिंतीवरून मला दिला. मी तशी घासाघासाला नाक मुरडणारी बाई, पण तो बर्गर मी उभ्या उभ्या संपवला आणि दुसरा मागितला.

“रिपोर्ट?” मेजरांनी विचारलं.

“चांगलं झालंय.”

“चांगलं म्हंजे किती?”

काय सांगणार? मी म्हटलं, “नॉर्मल रेंजमध्ये.” ते खूश झाले.

काकींचं मत वेगळं होतं. त्या हातानं पान चाचपडायच्या, घास घ्यायच्या, चावून चावून खायच्या आणि सुस्कारा सोडायच्या. “लय झ्याक झालंय वो. नुसता एक बनपाव असता संगं…”

“बनशिवाय!” मेजर आतून ओरडायचे, आणि बाहेरून रेशन गुळुगुळु करून दुजोरा द्यायचा.

रेशनचं एव्हाना सगळ्या गल्लीवर राज्य होतं. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले माझे पेशंट त्याच्या तडाख्यातून सुटून आत यायचे ते आधीच धापा टाकत. एक हायस्कूलचे गुरुजी तर माझ्या टेबलावर चढून बसले आणि तिथूनच त्यांनी हात पुढं केला. मी मेजरांवर लय चिडले. त्यांनी रेशनला माझ्यासमोर उभं करून पाच मिनिटं झापलं. तो मान वाकडी करून ऐकत होता. फरक काही पडला नाही.

फक्त काकींच्या मागं मात्र तो गुमान फिरायचा. त्या अंगणात, तो अंगणात. त्या परसात, तो परसात. त्यांना दिसत नसल्यामुळे दोनदा त्या त्याच्यावर आपटता आपटता राहिल्या. मेजर म्हणायचे, “बघा, मुक्या जिवाला सुदीक कळतंय कुनाची काळजी घ्यायची.” मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

साखर उतरत होती. दोनशे छत्तीस. दोनशे अठरा. दोनशे सहा. मेजर आकडे दाराच्या मागं खडूनं लिहायचे. पुढच्या वेळी दोनशेच्या खाली जाणार म्हणून त्यांनी साताऱ्याला डॉक्टरांना फोन पण केला. आणि पुढच्या वेळी निघाली दोनशे सत्तर. मी दुसऱ्यांदा रक्त घेतलं. परत दोनशे सत्तर. मेजरांना वाटलं आपल्याच बर्गरमध्ये काही चुकलं. घेवड्यात खोट आहे का, दुधी गोड निघाला का, तव्यालाच काही झालंय का. दोन दिवस माणूस डायरी घेऊन स्वतःची चौकशी करत होता. मला बघवेना.

भांडं फोडलं ते रेशननं. काकी पायरीवर बसलेल्या असताना त्यानं सरळ त्यांच्या पदरात चोच घातली आणि अख्खा बनपाव ओढून बाहेर काढला. मेजर चुलीपाशी होते. मी भिंतीपाशी. तेव्हा कळलं, तो इतके दिवस काळजीनं मागं फिरत नव्हता, चुऱ्यासाठी फिरत होता. काकी ज्वारीच्या कणगीत बनपाव लपवायच्या आणि दुपारी गुपचूप एक काढून अर्धा आपण खायच्या, अर्धा त्याला तोंड बंद ठेवायला द्यायच्या. रिहर्सल पहिल्यापासून दोघांनी मिळून पोखरली होती, आणि गेल्या आठ-दहा दिवसांत जरा जास्तच.

मला वाटलं आता मेजर घर डोक्यावर घेणार. ते आले, काकींच्या शेजारी पायरीवर बसले. रेशन पाव खात होता, त्याचाच काय तो आवाज.

मग म्हणाले, “तुला माझं तोंड बघायचं न्हाई का गं?”

एवढंच. आवाज पण चढवला नाही. मी भिंतीआड खाली बसले, कारण ते ऐकायचा मला काही हक्क नव्हता, आणि रडू पण येत होतं. थोड्या वेळानं काकी आत गेल्या, चाचपडत चाचपडत कणगीतले उरलेले सगळे बनपाव आणले आणि अंगणात रेशनपुढं ओतले. “खा रं बाबा,” म्हणाल्या. “आता तूच खा. मला मिशीच्या खालचं बघायचं हाय.”

त्यानंतर सव्वा महिन्यात साखर एकशे ऐंशीवर आली. ह्यात बर्गरचा वाटा किती, बनपाव सुटल्याचा किती आणि औषधाचा किती, हे मला विचारू नका. मी लॅबवाली आहे, आकडा सांगते. मेजरांनी तो खडूनं लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या.

पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनला मीही साताऱ्याला गेले; दुसरा पुढं महिन्याभरानं झाला. लॅबचं सामान आणायचंच होतं, असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यावरची पट्टी काढली. मेजर समोर स्टुलावर, कडक इस्त्रीचा शर्ट, मिशीला तेल, अगदी परेडला बसल्यासारखे. काकींनी पापण्या उघडल्या, मिटल्या, परत उघडल्या. आणि किती तरी वेळ नुसत्या बघत राहिल्या.

“अगंबाई,” काकी म्हणाल्या, “लय म्हातारं झालासा की वो तुमी!”

मेजर इतके हसले, इतके हसले, की नर्स धावत आली. हसता हसता डोळे पुसत होते. म्हणाले, “रिपोर्ट आला मॅडम, रिपोर्ट आला.”

घरी आल्यावर काकींनी रेशनला पहिल्यांदा धड बघितलं. तो पण फुलून उभा राहिला. “आगं आई! ह्यो असला हाय व्हय? आन् मी ह्याच्यासंगं पाव वाटून खात हुते?”

आता तुम्ही म्हणाल, अडचण संपली. काकींना दिसतंय, तांब्या तयार, सुरी तयार. मलाही तसंच वाटलं. आणि मेजर रोज सव्वासहाला तांब्या घेऊन बाहेर यायचेच. पण मला हळूहळू एक गोष्ट दिसली. काकींच्या डोळ्यात थेंब घालायची वेळ होती सहा वाजून दहा मिनिटं. थेंब घातले की पंधरा मिनिटं डोळे मिटून पडायचं. थेंब मेजरच घालायचे, घड्याळ लावून, आणि तिथून सरळ तांब्या उचलून अंगणात. रेशनला आता पाण्याची सवय झाली होती. कधी कधी तो चांगलं खळखळून अंग झाडायचा. नेमक्या त्याच वेळी मेजर तुळशीकडं तोंड करून उभे असायचे.

मी एकदा भिंतीवरून म्हटलंच, “मेजर, काकी आत डोळे मिटून पडल्यात. त्या बघणार कशा?”

“व्हय का?” त्यांनी घड्याळात बघितलं. “मग आज बी ऱ्हायलं.”

थेंब बंद होऊन महिना झाला तरी सहा-दहाला ते काकींना म्हणायचे, “डोळं मीट जरा. इश्रांती दे.” आणि काकी मिटायच्या.

उन्हाळा लागला होता. एका सकाळी मी शटर वर करत होते. मेजर तांब्या घेऊन बाहेर आले, पाच बोटं बुडवली, आणि पाणी न शिंपडताच पायरीवर बसले. मला वाटलं दम लागला. मी भिंतीवरून उडी मारली, नाडी बघितली. हजारो हात धरलेत मी, मला लगेच कळलं. तांब्या तसाच भरलेला, बोटं ओली होती. माझा त्या माणसावर फार जीव होता. हे मी त्यांना कधी बोलले नाही, कायम करवादतच राहिले, आणि आता ते सलतंय.

नातेवाईक आले. बायकांनी गळा काढला, की रेशन गुळुगुळु करून उत्तर द्यायचा. परत गळा काढला, परत उत्तर. लोकांना हसावं की रडावं कळेना. कोणीतरी काठी उचलली, तर काकी भिंतीला टेकल्या टेकल्या म्हणाल्या, “राहू द्या. त्याला बी बोलू द्या की.” आणि त्या रडता रडता हसायला लागल्या.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी घरचीच चार माणसं उरली. मेजरांचे धाकटे भाऊ अंगणात उभं राहून रेशनला वरपासून खालपर्यंत बघत होते. म्हणाले, “वहिनी, दादानं एवढ्या हौसेनं आनला. त्याची इच्छा ऱ्हायली. आज बुधवार बी हाय. त्याच्या नावानं करून टाकू.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. दाराच्या मागं प्लॅस्टिकच्या कव्हरातला तो तक्ता अजून लटकत होता, आणि मी, तो तक्ता देणारी, एका कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते.

काकी पुढच्या दारात तांदूळ निवडत होत्या. मान वर करून म्हणाल्या, “भावजी, तुमच्या शर्टाचं दुसरं बटन काळ्या दोऱ्यानं लावलंय. पांढरा न्हवता का घरात?” भाऊ तिथून चांगले वीस पावलांवर होते. त्यांनी खाली बघितलं. खरंच काळा दोरा.

“पर घरची रीत हाय,” काकी पुढं म्हणाल्या. “आधी विचारायचं.”

भावांनी तोच पितळी तांब्या आणला. पाच बोटं बुडवली, शिंतोडे उडवले. रेशननं मान ताठ केली आणि मग मानेपासून शेपटापर्यंत, पंख उघडून, असं काही अंग झाडलं, की पाणी माझ्या चष्म्यापर्यंत आलं.

“झाडलं!” भाऊ ओरडले. “वहिनी, ढळढळीत झाडलं!”

काकींनी हातातलं सूप खाली ठेवलं. भावांकडं बघितलं, रेशनकडं बघितलं, मग रिकाम्या पायरीकडं बघितलं. डोळे अगदी लख्ख होते.

“मला तर काय दिसलं न्हाई बाई,” त्या म्हणाल्या. “उद्या बघू.”